जाळ्यात मेलेल्यांची नोंद कोणी ठेवावयाची?

डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक निर्णय घेतला. मासेमारीच्या जाळ्यात चुकून अडकलेला संरक्षित सागरी प्राणी मच्छीमाराने जाळे कापून जिवंत सोडून दिला, तर त्या जाळ्याच्या नुकसानीपोटी त्यास कमाल २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यावयाची, असे ठरले. पुरावा म्हणून सुटकेची छायाचित्रे अथवा चित्रफीत त्याने सादर करावयाची. पहिल्या सुमारे दोन वर्षांत या योजनेखाली २६० प्राणी समुद्रात परत गेले आणि मच्छीमारांच्या हाती जवळजवळ ४१ लाख रुपये पडले. सरकारी योजनांचा सर्वसाधारण अनुभव ध्यानी घेता हे यश लहान नव्हे.

तथापि या आकड्याची फोड पाहिली म्हणजे काही प्रश्न उभे राहतात. २६० पैकी २१२ कासवे होती आणि त्यांतही ऑलिव्ह रिडले जातीची १३८. व्हेल शार्क ३७ होते, गिटारफिश सहा. डॉल्फिन आणि तिची छोटी भावंडे म्हणता येतील अशी पॉरपॉइज मिळून मात्र अवघी पाच. कोकणच्या किनाऱ्यावर डॉल्फिनचे दर्शन दुर्मीळ नाही. पर्यटकांना ती दाखविण्याचा धंदाच तेथे चालतो. मग ती जाळ्यात क्वचितच सापडते, असा यावरून अर्थ काढावयाचा काय? तसे करणे धाडसाचे होईल. व्हेल शार्क हा मासा आहे. त्यास पाण्यातच श्वास घेता येतो. डॉल्फिन आणि पॉरपॉइज हे सस्तन प्राणी. त्यांना हवेसाठी वर यावेच लागते. रात्रभर पाण्यात सोडून ठेवलेल्या दालदीच्या जाळ्यात असा प्राणी गुरफटला, तर तांडेलाने पहाटे जाळे ओढेपर्यंत तो जिवंत राहण्याची आशा फारशी नसते. मेलेल्या प्राण्याची सुटका होत नाही, म्हणून भरपाई नाही आणि म्हणून नोंदही नाही. २६० ही वाचलेल्यांची संख्या आहे. मेले किती, हे तीवरून कळत नाही.

मच्छीमाराने ते सांगावे तरी कशासाठी? वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि त्यातील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणे व सापळ्यात अडकविणे यांचाही समावेश होतो. व्हेल शार्कला २००१ पासून या कायद्याचे संरक्षण आहे. डॉल्फिन व समुद्री कासवे यांनाही ते आहे. हेतू नसताना जाळ्यात आलेल्या मृत प्राण्याची वर्दी घेऊन बंदरातील कचेरीत जाणे म्हणजे चौकशीला आपण होऊन आमंत्रण देणे, असे खलाशाला वाटले तर त्याला दोष देता येणार नाही. कलेवर मुकाट्याने पाण्यात लोटून देणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा मार्ग ठरतो. पावसाळ्यातल्या वाऱ्याने त्यांतली काही वाळूवर येऊन पडतात, वृत्तपत्रांत छायाचित्र छापून येते, चार दिवस हळहळ होते. उरलेल्यांचा हिशेब समुद्राकडेच राहतो.

मच्छीमार ऐकत नाही, हा शहरी समज खरा नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एके काळी व्हेल शार्कची सर्रास शिकार होई. तिच्या यकृताचे तेल होड्यांना फासण्यासाठी वापरीत आणि मांस परदेशी जाई. कायदा झाला, पण लोकांच्या मनात पालट घडला तो २००४ नंतर, मोरारीबापूंनी या माशाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली तेव्हा. जाळे कापून मासा सोडणे ही वेरावळच्या खारव्यांना अभिमानाची गोष्ट वाटू लागली, आणि तेथेही जाळ्याची भरपाई देण्याची सोय झाली. अर्थात उपमेने जाळे विणून होत नाही, हेही तितकेच खरे.

आणि भरपाई मिळाली तरी ती जाळ्याची. त्या दिवशीची मासळी गेली, डिझेल जळाले, नवे जाळे सज्ज होईतो होडी रिकामी बसली, हे सारे नाखव्याच्या खात्यावर. संरक्षणाचे श्रेय सर्वांचे आणि खर्च एकट्याचा, अशी ही वाटणी आहे.

कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात ‘टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस’ बसविण्याचा प्रश्न याच कारणाने रखडला. ही साधीशी वस्तू आहे: जाळ्याच्या गळ्यात सळ्यांची तिरकी चौकट आणि तिच्याजवळ एक झडप. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते. कासव चौकटीला अडून झडपेतून बाहेर पडते. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने भारतीय होड्यांना जुळेल असा तिचा नमुना तयार केला आहे. परंतु झडपेतून थोडी मासळीही निसटते, म्हणून खलाशी नाखूष. शेवटी २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात याच मुद्द्यावर थांबविली. त्या देशाचा तसा कायदा १९८९ पासून आहे, म्हणजे विचार करावयास तीस वर्षे मिळाली होती! सागरी सस्तन प्राण्यांच्या बाबतीतही निर्यातदार देशांनी आपल्या जाळ्यांत ते किती मरतात हे दाखवून द्यावे, असा नियम अमेरिकेने २०१६ मध्ये केला. त्यात परकीय व्यापाराचे राजकारण असेल. पण आपल्या समुद्रातील मृत्यूंची गणती आपल्याला परक्याच्या धाकाने करावी लागावी, हे भूषणावह नाही.

मोठ्या जहाजांवर निरीक्षक बसविण्याची पद्धत अनेक देशांत आहे. आपल्याकडील होडीत खलाशांनाच पाय पसरावयास जागा नसते, तेथे निरीक्षक बसवावयाचा कोठे? म्हणून तांडेलाचीच साक्ष काढावी लागेल, आणि ती निर्धास्तपणे देता आली पाहिजे. चुकून मेलेल्या प्राण्याची वर्दी ठरावीक मुदतीत देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असे शासनाने लेखी जाहीर करावे. सुटकेच्या छायाचित्राला जशी किंमत मिळते, तशी, थोडी का होईना, अशा वर्दीलाही मिळावी. कोणत्या जाळ्यात, किती वाव पाण्यात, कोणत्या महिन्यात प्राणी सापडला एवढे टिपले गेले, तरी कोणत्या खाडीच्या मुखाशी कोणत्या दिवसांत जाळे टाकू नये हे सांगता येईल. या सवलतीचा कोणी गैरफायदा घेईल, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु कलेवर आजही पाण्यातच लोटले जाते आणि त्याची कोणासही वार्ता नसते.