स्टुटगार्टचे वार्तापत्र : ओळखीपासून नेमणुकीपर्यंत

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासूनची जुळी शहरे. फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने याच स्टुटगार्टच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने कुशल भारतीयांना द्यायच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. त्यामुळे पुण्या-मुंबईतच नव्हे, तर जिल्ह्याच्या गावीही जर्मन भाषेचे वर्ग चालतात आणि नोकरीच्या खटपटीची सुरुवात समाजमाध्यमांवरून होते. लिंक्डइनवर आपले पान सजवायचे, फोटोभोवती 'काम हवे आहे' असे सांगणारे हिरवे कडे लावायचे, दिसेल त्या जाहिरातीखालचे अर्जाचे बटण दाबायचे आणि उत्तराची वाट पाहायची, हा आता रिवाजच झाला आहे. उत्तर बहुधा येत नाही, आणि आपल्यात काही कमी आहे अशी समजूत करून मुले खचतात. माझे म्हणणे असे की जर्मनीत समाजमाध्यमाचे काम ओळख करून देण्यापुरते आहे. नेमणूक होते ती कागद, भाषा आणि पडताळणी यांच्या जोरावर. ही दोन कामे वेगळी आहेत हे ज्याला आधी कळते, त्याचे कष्ट निम्म्याने वाचतात.

जर्मनांनी व्यावसायिक ओळखींसाठी स्वतःचे माध्यम लिंक्डइनच्या बरोबरीनेच सुरू केले होते. २००३मध्ये हॅम्बुर्गला 'ओपनबीसी' नावाने निघालेले हे संकेतस्थळ २००६मध्ये 'झिंग' झाले आणि पुढची कित्येक वर्षे जर्मन भाषकांचा व्यवहार त्यावरच चालला. आता लिंक्डइनने त्याला मागे टाकले आहे आणि झिंग मुख्यतः नोकऱ्यांच्या जाहिरातींकडे वळले आहे. तरी लहान गावांतल्या जर्मन भाषेत चालणाऱ्या कंपन्यांसाठी ते अजून पाहण्यासारखे आहे. त्याच्याच कुटुंबातले 'कुनुनु' मला जास्त उपयोगाचे वाटते. तिथे कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल नाव न देता लिहितात: पगार किती, वरिष्ठ कसे वागतात, सुट्टी मागितली तर मिळते का. अर्ज करण्याआधी अर्धा तास तिथे घालवावा. याउलट फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे खासगी आयुष्य आणि नोकरी यांच्यामध्ये जर्मनांनी भिंत घालायचा प्रयत्न केला आहे. उमेदवाराची खासगी पाने मालकाने चाळू नयेत अशी तरतूद असलेला मसुदा जर्मन मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१०मध्ये मंजूर केला होता. तो कायदा झाला नाही, पण त्यामागची वृत्ती टिकली, आणि मे २०१८पासून युरोपचा विदा-संरक्षण कायदा तिच्या पाठीशी आहे.

आता नेमणूक कशी होते ते जवळून पाहू. जर्मन जाहिरातीत पदाच्या नावापुढे कंसात एम, डब्ल्यू, डी अशी तीन अक्षरे असतात. पुरुष, स्त्री आणि तिसरी लिंगनोंद, कोणीही अर्ज करावा असा त्यांचा अर्थ, आणि २०१८च्या अखेरीस तिसऱ्या नोंदीला कायद्याने मान्यता मिळाल्यापासून ती जवळजवळ सर्वत्र दिसतात. जाहिरातीला उत्तर म्हणून जायची ती एक पूर्ण फाइल: त्या पदासाठीच लिहिलेले पत्र, वर्षे-महिन्यांसह आणि मधली खिंडारे न लपवता मांडलेला आयुष्यक्रम, पदव्यांच्या प्रती आणि आधीच्या प्रत्येक मालकाचे प्रशस्तिपत्र. हे शेवटचे कागद आपल्याकडच्या मुलांना सर्वांत महागात पडतात. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्याला लेखी प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यातल्या वाक्यांची उतरंड सर्वांना पाठ असते. काम 'नेहमीच संपूर्ण समाधान देणारे' होते असे लिहिले असेल तर माणूस उत्तम, नुसते 'समाधान देणारे' असेल तर जेमतेम. आपल्या कंपन्या देतात तो अनुभवाचा दाखला म्हणजे रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि शुभेच्छा. इथल्या वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तेव्हा भारतातली नोकरी सोडतानाच वरिष्ठांकडून कामाचे स्वरूप, वापरलेली यंत्रे किंवा प्रणाली आणि जबाबदाऱ्या यांचा तपशील असलेले पत्र घ्यावे. लिंक्डइनवर सहकाऱ्यांनी लिहिलेल्या शंभर स्तुतींपेक्षा ते एक पत्र जड ठरते.

एवढी कागदपत्रे कशासाठी, याचे कारण कामगार कायद्यात आहे. दहापेक्षा जास्त माणसे असलेल्या आस्थापनेत सहा महिने भरले की कर्मचाऱ्याला सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. म्हणून मालक आत घेतानाच दहा वेळा विचार करतो, आणि पहिले सहा महिने परीक्षेचे ठेवतो. शिवाय वीसहून अधिक कामगारांच्या कंपनीत निवडून आलेली कामगार परिषद असेल, तर प्रत्येक नेमणुकीआधी तिला उमेदवारांचे कागद दाखवून तिची संमती घ्यावी लागते. मालकाला एखाद्याचे लिंक्डइनवरचे लेखन कितीही आवडले, तरी परिषदेपुढे ठेवायला त्याला फाइलच लागते. बटण दाबून पाठवलेल्या अर्जात ती नसते.

मग समाजमाध्यम निरुपयोगी का? मुळीच नाही, आणि याला चांगला पुरावा आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये असे मांडले की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींकडून जास्त येते, कारण जिवलगांना माहीत असते ते आपल्यालाही आधीच माहीत असते. या मताची मोठी कसोटी सप्टेंबर २०२२मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झाली. लिंक्डइनवर 'यांना तुम्ही ओळखत असाल' अशा ज्या सूचना येतात, त्या वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या दाखवून पाच वर्षांत सुमारे दोन कोटी सभासदांचे पुढे काय झाले ते संशोधकांनी पाहिले. फारच जवळच्या ओळखींचा उपयोग कमी झाला, तसाच अगदी नावापुरत्या ओळखींचाही. सर्वांत उपयोगी ठरल्या त्या मधल्या ओळखी, म्हणजे काही मोजके परिचित समान असलेली, पण रोजच्या उठबशीबाहेरची माणसे. दुसरा निष्कर्ष आपल्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे: संगणकाशी जवळचे नाते असलेल्या उद्योगांत हा लाभ दिसला, तसे नाते नसलेल्या उद्योगांत मात्र जवळच्या ओळखीच कामाला आल्या. जर्मनीपुरते बोलायचे तर न्युर्नबर्गची रोजगार-संशोधन संस्था मालकांकडून नेमणुकांची माहिती वर्षानुवर्षे गोळा करते, आणि तिच्यानुसार साधारण तीनातली एक नेमणूक ओळखीतून होते. लहान कंपन्यांत हे प्रमाण आणखी वर जाते.

यावरून हजारो अनोळखी माणसांना जोडून घेण्याचा उद्योग किती फोल आहे हे दिसते. आपल्याच महाविद्यालयातून दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेली आणि आता टुटलिंगनला शस्त्रक्रियेची उपकरणे बनवणाऱ्या कंपनीत काम करणारी मुलगी, किंवा चाकणच्या जर्मन कारखान्यातून मूळ कंपनीत बदली होऊन आलेला अभियंता, या खऱ्या मधल्या ओळखी. त्यांना 'सर, जॉब असेल तर सांगा' असे लिहिले तर ते काय सांगणार? 'तुमच्या विभागात या पदाची जाहिरात आहे. मी असे असे काम तीन वर्षे केले आहे, माझे जर्मन बी-१ पातळीचे आहे. हे काम जर्मनमधून चालते की इंग्रजीतून?' असे विचारले तर मराठी माणूस काय, जर्मन माणूसही उत्तर देतो. माहिती मागितली की माणूस मोकळा होतो, नोकरी मागितली की अवघडतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. तीनातली एक नेमणूक ओळखीने होत असेल, तर हा वशिलाच झाला की! वशिल्याचा काच सोसलेल्या आपल्या समाजाला ही शंका यावी हे योग्यच आहे. फरक असा की ओळख देणाऱ्याच्या हातात निर्णय नसतो. तो फार तर सांगतो की हा अर्ज जरा नीट वाचा. पुढे मुलाखत, पडताळणी आणि कामगार परिषद असतेच, आणि सरकारी पदांसाठी तर पात्रता, क्षमता आणि कामगिरी हेच निकष जर्मन राज्यघटनेच्या ३३व्या कलमाने ठरवून दिले आहेत. तरीही ज्याला कोणीच ओळखत नाही त्याचा यात तोटा होतो, हे मान्य केलेच पाहिजे. समाजमाध्यमाची खरी बाजू मला इथेच दिसते. ज्याच्या घराण्यात कोणी परदेशी गेलेले नाही, अशा मुलालाही ते एक-दोन मधल्या ओळखींपर्यंत नेऊ शकते.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे. पानावर फोटो आणि नाव आले की रंग, धर्म, वंश आधी दिसतात. २००६च्या समान वागणुकीच्या कायद्याने भेदभावाला बंदी आहे आणि अर्जासोबत फोटो लावणे सक्तीचे नाही, तरी लावायची प्रथा अजून गेलेली नाही. ऑस्ट्रियातल्या संशोधक डोरिस वाइक्सेलबाउमर यांनी जर्मन कंपन्यांना एकाच तोडीचे अर्ज पाठवून पाहिले, तो अहवाल २०१६मध्ये प्रसिद्ध झाला. फोटोतली स्त्री तीच होती. झान्ड्रा बाउअर या नावाने १८.८ टक्के अर्जांना मुलाखतीचे बोलावणे आले, मेर्येम ओझ्तुर्क या तुर्की नावाने १३.५ टक्के, आणि त्याच तुर्की नावाला डोक्यावर रुमाल बांधलेला फोटो जोडल्यावर फक्त ४.२ टक्के. हे अन्यायाचे आकडे आहेत आणि त्यांना दुसरे नाव देता येणार नाही. उत्तर न येण्याचे खापर म्हणूनच सर्वस्वी उमेदवारावर फोडू नये. ओळखीच्या माणसाचे दोन शब्द हा पूर्वग्रह पुसत नाहीत, पण अर्ज न वाचताच बाजूला जाण्याचा धोका कमी करतात.

बर्लिनच्या सॉफ्टवेअर कंपन्या लिंक्डइनवरूनच माणसे शोधतात, तिथे इंग्रजी चालते, मग हा सगळा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. त्या एका क्षेत्रापुरते ते खरे आहे. नोव्हेंबर २०२३पासून पदवी नसलेल्या पण अनुभवी माहिती-तंत्रज्ञांनाही युरोपीय ब्लू कार्ड, म्हणजे उच्च कौशल्याच्या कामाचा परवाना, मिळू शकते. पण ऑगस्ट २०२५मध्ये जर्मनीतल्या बेरोजगारांचा आकडा दहा वर्षांत प्रथमच ३० लाखांवर गेला, आणि इंग्रजीवर चालणाऱ्या थोड्या जागांसाठी आता साऱ्या जगाची रांग आहे. जून २०२४पासून सुरू झालेल्या संधी-कार्डावर वर्षभर इथे राहून नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास कामही करता येते. हे कार्ड गुण मोजून मिळते, आणि त्या गुणांतही भाषेला वजन आहे. माझा सल्ला विचाराल तर पान सजवण्यात जाणारा वेळ जर्मनच्या बी-२, म्हणजे बी-१च्या पुढच्या पातळीच्या, परीक्षेकडे वळवावा.

राहिल्या परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक. महाराष्ट्राचा सुरुवातीला सांगितलेला करार मुख्यतः यांच्यासाठी झाला आणि सर्वांत कमी विचारही यांचाच होतो. यांच्या नोकऱ्या लिंक्डइनवर क्वचितच असतात. जर्मनीच्या रोजगार संस्थेच्या संकेतस्थळावर, रुग्णालयांच्या स्वतःच्या पानांवर आणि 'मेक इट इन जर्मनी' या सरकारी संकेतस्थळावर त्या असतात, आणि त्याआधी परिचारिका, वीजतंत्री यांना २०१२च्या कायद्यानुसार आपल्या शिक्षणाला मान्यता मिळवण्याचा अर्ज करावा लागतो. पण गावात पोहोचते ते व्हॉट्सअॅप आणि टेलिग्राम. 'जर्मनीत नर्सिंग, भाषेची अट नाही, जागा मर्यादित, आजच दोन लाख भरा' असा निरोप पुढे ढकलत ढकलत येतो. परिचारिकेच्या पेशाला जर्मनीत मान्यता लागते आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे बी-२ पातळीचे जर्मन लागते, त्यामुळे भाषेची अट नाही असे सांगणारा खोटे बोलतो आहे हे पहिल्याच ओळीत ठरते. परिचारिकांच्या रास्त भरतीसाठी जर्मन सरकारने जी गुणवत्ता-मुद्रा ठेवली आहे, तिचा नियम भरतीचा खर्च मालकाने सोसावा असा आहे. जर्मन रोजगार संस्थेच्या 'ट्रिपल विन' योजनेतही परिचारिकेकडून शुल्क घेतले जात नाही, आणि केरळातल्या मुली त्या वाटेने इथे आल्या आहेत. मुद्रा असलेल्या संस्थांची यादी आणि भारत सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावरची नोंदणीकृत एजंटांची यादी, दोन्ही कोणालाही पाहता येतात. घरात कोणी जर्मनीच्या नोकरीसाठी दागिने मोडायला किंवा जमीन गहाण टाकायला निघाले असेल, तर त्यांच्यासोबत बसून या दोन याद्या आधी उघडा. एजंटाचे नाव त्यांत नसेल, तर एक रुपयाही देऊ नका.