जुनी पिकअप खाली बसवताना

धारणीच्या बाजारात उभी असलेली जुनी पिकअप मागून नीट पाहावी. हौदा रिकामा असला की तिची पाठ वर चढलेली दिसते आणि तोंड खाली झुकलेलं. ही उंची कंपनीची नव्हे. कंपनीने ठराविक वजन धरून पाटे दिले होते; पुढे गाडीवर सोयाबीन, तूर, सिमेंट, कधी आख्खं बिऱ्हाड लादलं गेलं, पाटे बसले, आणि मालकाने परतवाड्याला किंवा अकोल्याला गाडी नेऊन दोन पाटे जास्तीचे भरून घेतले. वऱ्हाडातल्या बहुतेक जुन्या मालगाड्यांची कुंडली अशीच निघते. त्यामुळे अशी गाडी हौसेसाठी घेऊन ती खाली बसवायची म्हटली, तर पहिला प्रश्न ‘किती इंच’ हा नसतोच. खाली म्हणजे कुठून खाली, हे आधी ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर धारणीत राहणाऱ्याने कंपनीची मूळ उंची परत मिळवावी आणि फार तर इंचभर खाली जावं. त्यापुढची हौस सपाट मुलखातल्यांसाठी आहे.

ही हौस मुळात आली दक्षिण कॅलिफोर्नियातून. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांमधली पोरं जुन्या शेवरले गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली आणून संथपणे रस्त्यावरून मिरवायची. 1950च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने कायदाच केला की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खाली येता कामा नये. त्यावर 1959 मध्ये रॉन अगिरे नावाच्या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले: पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. मालगाड्यांमध्ये हा मान शेवरलेच्या सी-10 पिकअपला मिळाला. 1967 ते 1972 या काळातली सी-10 खाली बसवण्याचं तयार सामान अमेरिकेत आजही पेटीबंद मिळतं. आपल्याकडे ना ती गाडी, ना तो रस्ता. आपल्याकडे महिंद्राच्या जीप घराण्यातल्या पिकअप आणि 1988 मध्ये आलेली टाटा मोबाईल 206 व तिची पुढची भावंडं आहेत, आणि धारणीला यायचं तर घटांग, सेमाडोह, हरिसाल हा घाटजंगलाचा रस्ता आहे.

आता पाट्यांकडे. पाट्यांचा गठ्ठा मधोमध सेंटर बोल्टने बांधलेला आणि यू बोल्टने हाऊसिंगला आवळलेला असतो. एक टोक चेसिसला पक्कं, दुसरं शॅकलमध्ये झुलतं. गाडी खाली आणायचा पहिला मार्ग म्हणजे जास्तीचे भरलेले पाटे काढणं. यात एक गणित फार कमी लोक ध्यानात घेतात. पाट्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. सहा मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटाच जवळजवळ दोन पूर्णांक चार पट ताठ होतो. म्हणून मिस्त्रीला नुसतं ‘दोन पाटे काढ’ म्हणू नये. प्रत्येक पाट्याची जाडी, रुंदी आणि लांबी वहीत उतरवावी, त्याच मॉडेलच्या कंपनी-मापाशी ताडून पाहावी आणि मग परका पाटा कोणता ते ठरवावं. निम्म्या गाड्या इथेच खाली येतात, आणि मणक्याला मिळणारा आराम फुकटात.

दुसरा मार्ग पाट्याची कमान कमी करण्याचा. हे काम थंड पाट्यावर, हातोड्याने किंवा प्रेसखाली, टप्प्याटप्प्याने व्हायला हवं. गॅसने लाल करून पाटा सरळ करणारा कारागीर दिसला की गाडी वळवून परत आणावी. सिलिकॉन-मॅंगनीजचं हे पोलाद कारखान्यात तेलात विझवून, पुन्हा ठरावीक तापमानाला शेकून मुरवलेलं असतं. गॅसच्या ज्वाळेने ते मुरवणच निघून जातं. असा पाटा महिन्याभरात पुन्हा बसतो, नाहीतर घाटात वळणावर मोडतो.

तिसरा मार्ग ठोकळ्यांचा, आणि इथे बरेच जण उलटे फसतात. जीपच्या जुन्या सीजे घराण्यात पाटा हाऊसिंगच्या खालून जातो, त्यामुळे दोघांमध्ये ठोकळा घातला की गाडी खाली येते. पण पाटा हाऊसिंगच्या वर बसवलेल्या पिकअपला तोच ठोकळा गाडी वर उचलतो. अशा पिकअपचं हाऊसिंग पाट्याच्या वर घेता येतं. मात्र त्याने गाडी एका झटक्यात पाच-सहा इंच खाली येते, हाऊसिंग चेसिसवर आपटू लागतं, आणि मग चेसिसला अर्धगोल खाच पाडून नवी पट्टी वेल्ड करावी लागते. ते काम आपल्या भागात करू नये, असं मला ठामपणे वाटतं. शॅकल बदलून उंची साधायची असेल तर हिशेब साधा आहे: पाटा मधोमध टेकलेला असल्याने शॅकलमध्ये दोन इंच फरक केला की गाडीत एकच इंच पडतो.

खाली बसवल्याने गाडी सगळीकडून खाली येत नाही, हेही समजून घ्यायला हवं. डिफरन्शिअलचा गोळा हाऊसिंगवर असतो आणि हाऊसिंग चाकांवर. त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायर ठरवतो; पाटे काढा नाहीतर घाला, गोळा जागचा हलत नाही. खाली येतं ते चेसिस, गिअरबॉक्सचं पोट, सायलेन्सर आणि डिझेलची टाकी. आणि कमी होते ती हाऊसिंग व चेसिसवरचं रबर यांच्यातली जागा. समजा रिकाम्या गाडीत ही जागा चार इंच आहे. दोन इंच खाली बसवल्यावर उरले दोन. त्यावर चार माणसं आणि दहा पोती टाकली की तेही संपले. मग प्रत्येक खड्डा थेट चेसिसला.

रस्त्यावरचा गतिरोधक या हिशेबातला पंच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो 10 सेंटिमीटर उंच, 3.7 मीटर रुंद, म्हणजे चांगलाच पसरट हवा. गावोगावी डांबराचा ढीग टाकून केलेले गतिरोधक पाहिलेत तर या मापाची आठवण कुणाला असेलसं वाटत नाही. लांब चेसिसची पिकअप अशा टोकदार उंचवट्यावर मधोमध अडकते. म्हणून बेत आखताना आपल्या नेहमीच्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट गतिरोधक शोधून, त्याची उंची पट्टीने मोजून, मगच इंच ठरवावेत.

उंची बदलली की बाकीच्या गोष्टी ओळीने मागे येतात. शॉकअप तितक्या कमी लांबीचे हवेत, नाहीतर ते आतून ठोकू लागतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला तर क्रॉस लवकर जातो. तिथे हाऊसिंग आणि पाटा यांच्यामध्ये निमुळती पाचर लागते. पुढचा भाग खाली आणला तर स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन बदलतो आणि खड्ड्यात चाक आपोआप ओढ घेतं. पण सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते ब्रेककडे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक व्हॉल्व्ह चेसिसवर असतो आणि त्याचा दांडा हाऊसिंगला जोडलेला असतो. माल भरला, चेसिस खाली आलं, की व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब सोडतो. आता आपणच चेसिस खाली आणलं, तर व्हॉल्व्हला गाडी कायम भरलेलीच वाटते. रिकाम्या गाडीला ओल्या उतारावर ब्रेक दाबला की मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडी आडवी फिरते. सेमाडोहच्या उतारावर पावसाळ्यात हे घडू नये, म्हणून दांड्याची जुळणी पुन्हा करून घ्यायची.

कायदाही मोकळा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि खासगी असेल तर 2021 च्या नियमांखाली ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवेत. चेसिसला खाच पाडली की ती वाट बंद. मूळ मापाचे पाटे बसवणं ही मात्र दुरुस्ती आहे, बदल नव्हे. ‘एमएच 27’ची पाटी असलेल्या गाडीने अमरावतीच्या आरटीओ कार्यालयात आधी विचारणा केली तर पुढचा मनस्ताप वाचतो.

पैसा कुठे आधी घालावा, यावरही दोन शब्द. पहिल्यांदा बुश, शॅकलच्या पिना आणि ब्रेक, मग पाटे, मग शॉकअप, रिम आणि टायर सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलट करतात, कारण रिम दिसतात आणि बुश दिसत नाहीत. काम झाल्यावर चेसिसवरच्या रबराला ग्रीसचा थर लावावा, हौद्यात नेहमीचा माल भरावा आणि धारणी ते हरिसाल एक फेरी मारावी. ग्रीसवर हाऊसिंगचा ठसा उमटला तर उंची अर्ध्या इंचाने वाढवावी. पहिल्या काही फेऱ्यांनंतर नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि यू बोल्ट सैल पडतात. ते पुन्हा आवळल्याशिवाय गाडी घाटात न्यायची नाही.