घरच्या धंद्याला पिकअप : डिझेलची कीं पेट्रोलची?

गेल्या वर्षीं दसऱ्याच्या आधीं आमच्या घरांत आठ-दहा दिवस एकच वाद चालला होता. वाद वांटणीचा नव्हता, लग्नाचाहि नव्हता. माल वाहण्यासाठीं जी पिकअप घ्यावयाची ती डिझेलवर चालणारी घ्यावी कीं पेट्रोलवर, हा तो वाद. ज्यानें सारा जन्म शब्दरूपें आणि समास शिकविण्यांत घालविला त्यानें इंजिनावर लेख लिहावा याचें वाचकांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. परंतु या व्यवहारांत माझ्या निवृत्तीच्या रकमेपैकीं तीन लाख रुपये गुंतावयाचे होते. आणि स्वतःचा पैसा गुंतूं लागला म्हणजे वैयाकरणालाहि यंत्राची ओळख करून घ्यावी लागते.

आमचे थोरले बंधू आतां नाहींत. त्यांचा मुलगा कोल्हापुरांतून गूळ आणि भाजीपाला घेऊन राधानगरीवरून फोंडा घाटानें कणकवलीला जातो, आणि परत येतांना नारळ, कोकम, काजू, व मोसमांत आंबा आणतो. कोल्हापूरच्या गुळाविषयीं येथल्या माणसाला सांगणें नको. शाहूमहाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली ती मुख्यतः या व्यापारासाठीं, आणि २०१४ सालीं कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनहि मिळालें. हा माल मोठा जड. तीस किलोचा एक रवा धरला तर तेहतीस रव्यांत जवळजवळ टन भरतो. गूळ नेतांना घाट उतरावयाचा असतो, म्हणून त्याचें कांहीं वाटत नाहीं. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर. नारळ आणि आंबा घेऊन सबंध सह्याद्रि चढून यावयाचें असतें.

त्याच्याजवळ आधीं एक जुनी, लहान, पेट्रोलची गाडी होती. दोन वर्षांपूर्वीं ऐन मे महिन्यांत ती आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढत असतां अर्ध्यावर पाणी उकळून बंद पडली. दुसरी गाडी मिळून माल वर येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला, आणि उन्हांत राहिलेल्या आंब्यापैकीं पुष्कळसा निम्म्या दरानेंहि कोणी घेईना. दोष त्या गाडीचा नव्हता, हें मी स्पष्ट सांगतों. पाऊण टनाच्या गाडींत सव्वा टन भरणारा आमचाच मुलगा होता. परंतु त्या खेपेंत त्याचें सबंध हंगामाचें भांडवल बुडालें, आणि त्यानंतर कित्येक दिवस तो जेवणाच्या पानावरहि कोणाशीं बोलत नसे. नवी गाडी घेण्याचा विचार निघाला तो या प्रसंगामुळें.

आमच्या पिढीला डिझेल हा शब्द प्रथम कळला तो गाडीमुळें नव्हे, विहिरीवरच्या इंजिनामुळें. लहानपणीं आजोळीं गेलों म्हणजे मळ्यांत दुरूनच त्या इंजिनाचा एका लयींत चाललेला ठोका ऐकूं येई. विहिरीवरची मोट गेली आणि तिच्या जागीं हें इंजिन बसलें. किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना पुण्यास १९४६ सालीं निघाला. कोल्हापुरांतील उद्यमनगरच्या कारागिरांचाहि या इंजिनांवर हात बसला. त्यामुळें आजहि आमच्याकडे डिझेलचें इंजिन बिघडलें तर तें खोलून बसविणारा मिस्त्री हांकेच्या अंतरावर सांपडतो. गाडी घेतांना ही गोष्ट क्षुल्लक समजूं नये.

आतां या दोन इंजिनांत भेद काय? पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण दाबून त्यांत विजेची ठिणगी पाडतात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगीच नाहीं. तेथें नुसती हवा आंत घेऊन ती मूळच्या सुमारें सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतक्या जागेंत कोंबतात. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक हाताला चटका देतें, हें प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तीच गोष्ट येथें मोठ्या प्रमाणावर होते. दाबलेली हवा पांचशें अंशांच्याहि वर तापते, आणि तिच्यांत डिझेलचा बारीक फवारा सोडतांच तो आपोआप पेटतो. अरणीच्या मंथनानें अग्नि काढणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही युक्ति खचित आवडली असती. फरक इतकाच कीं तेथें घर्षण आहे, येथें दाब आहे. हवा जितकी अधिक दाबावी तितका जळणाचा अधिक भाग कामीं येतो, म्हणून सारख्याच कामाला डिझेल कमी लागतें. शिवाय डिझेल हें पेट्रोलपेक्षां घन असल्यामुळें लिटरामागें त्यांत उष्णताहि सुमारें दहा टक्के जास्त असते.

ही कल्पना ज्याची त्या रुडॉल्फ डिझेलची हकीकत मला शाळामास्तर या नात्यानें विशेष गोड वाटते. तो १८५८ सालीं पॅरिस येथें जर्मन आईबापांच्या पोटीं जन्मला. १८७० च्या युद्धांत त्या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडनला जावें लागलें, आणि मुलाला शिक्षणासाठीं ऑग्सबर्ग येथें एका नातलगाकडे ठेवण्यांत आलें. हा नातलग गणिताचा शिक्षक! मास्तराच्या घरीं वाढलेल्या या मुलानें पुढें म्युनिक येथें असें गणित मांडलें कीं वाफेचें यंत्र जळणाच्या दहा भागांपैकीं जेमतेम एक भाग कामाला लावतें, बाकीचे नऊ वायां जातात. तर हा अपव्यय टाळावा कसा? १८९७ सालीं त्याच्या इंजिनाची रीतसर चांचणी झाली तेव्हां चार भागांपैकीं एक भाग कामीं आला. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत तर असलें एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविलें होतें. आमच्या मातोश्रींना हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "मग शेंगदाण्याचें तेल इतकें महाग कां झालें तें आतां कळलें!" हा डिझेल १९१३ सालीं इंग्लंडला जातांना बोटीवरून रात्रीं नाहींसा झाला, आणि आपलें इंजिन मालमोटारींत बसलेलें पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. त्याच्या वेळचें इंजिन कित्येक टन वजनाचें. तें रस्त्यावर आलें तें १९२० नंतरच्या दशकांत.

आपल्याकडे लहान मालगाड्यांत डिझेल रुळलें तें बरेंच अलीकडे. टाटांची ४०७ ही १९८६ सालीं आली, त्यांचीच टाटामोबाइल पिकअप १९८८ सालीं, आणि ज्याला लोक छोटा हत्ती म्हणतात तो एस २००५ सालीं. त्या हत्तीचें इंजिन दोनच सिलिंडरांचें आणि सातशें घनसेंटिमीटरांचें, पण ज्या गल्लीबोळांत पूर्वीं हातगाडी जाई तेथें तो माल पोंचवूं लागला. आज आमच्या रस्त्यांवर सर्वांत जास्त दिसते ती महिंद्रांची अडीच लिटर इंजिनाची बोलेरो पिकअप. पहाटे कोणत्याहि खेड्याच्या वाटेवर उभें रहावें. दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट, लग्नाचा मांडव, सारें कांहीं तिच्याच पाठीवर चाललेलें असतें.

डिझेलचा खरा गुण घाटांत कळतो. पेट्रोलचें इंजिन जोर दाखवितें तें वेगानें फिरूं लागल्यावर. डिझेलचें इंजिन मंद फिरत असतांनाच चाकाला मोठा पीळ देतें. चढावर टनभर ओझें घेऊन वळणें घेत जावयाचें तर वेगाचा उपयोग काय? तेथें बैलाचा गुण हवा, घोड्याचा नव्हे. घोडा देखणा खरा, पण नांगराला जुंपला तर तोहि थकतो आणि शेतहि पडीक राहतें. दुसरें असें कीं, डिझेल पेट्रोलसारखें चटकन् वाफाळत किंवा पेटत नाहीं. वाटेंत टाकी गळली तर धोका तेवढा कमी. अशा इंजिनांचे भाग मोठा दाब सोसण्यासाठीं भक्कम केलेले असतात, म्हणून वेळेवर तेलपाणी केल्यास तीं पुष्कळ वर्षें टिकतात.

हें सारें मी घरांत सविस्तर समजावून सांगितलें. पुतण्या खूष झाला. तेव्हां आमच्या वहिनी, ज्या इतका वेळ वाल सोलीत बसल्या होत्या, त्यांनीं एकच प्रश्न विचारला : "भावोजी, गाडी महिन्यांत किती चालणार आणि किती दिवस दारांत उभी राहणार?" साऱ्या चर्चेंत मुद्याचा प्रश्न काय तो हाच. दादा गेल्यापासून घरचा जमाखर्च त्याच लिहितात.

मग हिशेब मांडला. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि डिझेल ९० रुपये असें हिशेबापुरतें धरलें. टनभर ओझ्यावर डिझेलची गाडी लिटरमागें १२ किलोमीटर जाईल आणि तेवढ्याच ताकदीची पेट्रोलची ९, असेंहि धरलें. महिन्याला २५०० किलोमीटर धांव झाली तर डिझेलला १८,७५० रुपये आणि पेट्रोलला सुमारें २९,१७० रुपये लागतात. म्हणजे महिन्याची बचत दहा हजारांहून अधिक. डिझेलची गाडी विकत घेतांना एक लाख जास्त पडले तरी ते दहा महिन्यांत फिटतात. परंतु तीच गाडी गांवांतल्या गांवांत महिन्याला ५०० किलोमीटर फिरली तर बचत दोन हजारांची, आणि लाख रुपये फिटावयास चार वर्षें! ज्यांना दुकानांतून दोन पोतीं घरोघर पोंचवावयाचीं आहेत त्यांनीं डिझेलच्या नांदीं लागूं नये. मारुतीची सुपर कॅरी ही लहान गाडी २०१६ सालीं प्रथम डिझेलवरच निघाली होती, आणि २०२० सालीं नवे नियम लागू झाले तेव्हां कंपनीनें तिचें डिझेल इंजिन बंदच केलें. टाटांनींहि त्याच वर्षीं एस पेट्रोलवर आणली. लहान ओझें व लहान अंतर यांना पेट्रोल, आणि टनाच्या वरचें ओझें व लांबचा पल्ला यांना डिझेल, अशी वांटणी बाजारानें आपणहून केलेली आहे.

ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा भाव सरकार ठरवीत असे आणि तें पेट्रोलहून फारच स्वस्त पडे. त्या काळच्या आठवणीवर भिस्त ठेवून कोणीं आज हिशेब करूं नये.

धुराविषयीं मात्र मला मौन धरतां येणार नाहीं, कारण मातोश्रींना दमा आहे. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण होतो असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा नियम सर्वत्र लागू झाला. त्यानें डिझेलमधील गंधकाचें प्रमाण दहा लक्ष भागांत पन्नासावरून दहावर आणलें, आणि गाड्यांच्या धुराला कडक मर्यादा घातली. ती पाळण्यासाठीं कित्येक डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते. तिच्यांत सांठलेली काजळी जाळून टाकावयास इंजिन चांगलें तापून कांहीं वेळ सलग चालावें लागतें. जी गाडी चौकाचौकांत थांबत दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होते तिची गाळणी तुंबते, आणि मग खर्च मोठा. डिझेलची गाडी लांब पल्ल्यालाच शोभते याचें हें आणखी एक कारण.

वायूवर चालणारी गाडी घ्यावी असें एका स्नेह्यांनीं सुचविलें. इंधन स्वस्त आणि धूर कमी, हें खरेंच. पण टांक्यांचें वजन मालाच्या वजनांतून वजा होतें, आणि नाशवंत माल भरून पंपावर रांगेंत उभें राहण्याची आमच्या मुलाची तयारी नव्हती. विजेवरची एस २०२२ सालीं बाजारांत आली आहे. शहरांतल्या कामाला ती उत्तम ठरावी. जाऊन-येऊन सव्वादोनशें किलोमीटर आणि मध्यें घाट, या कामासाठीं तीन लाख रुपये घालण्याचें धाडस मला झालें नाहीं.

शेवटीं डिझेलची पिकअप आली. वहिनींनीं दोन अटी घातल्या आणि मीं एक. गाडी वाड्यांत न आणतां बाहेर मोकळ्या जागेंत लावावयाची, म्हणजे पहाटेचा धूर मातोश्रींच्या खोलींत येणार नाहीं. आणि परतीचा माल ठरल्यावांचून कोंकणांत उतरावयाचें नाहीं, कारण रिकाम्या गाडीला कोणतेंच इंधन स्वस्त पडत नाहीं. माझी अट एवढीच कीं गाडीच्या कागदावर जेवढें वजन लिहिलें आहे त्याहून एक रवाहि जास्त भरावयाचा नाहीं. "काका, शाळेंत असल्यासारखें वाटतें," असें तो म्हणाला, पण अट पाळतो.

फाल्गुनांत एकदां त्या गाळणीचा दिवा लागला तेव्हां गाडी बिघडली असें समजून त्यानें घाबरून मला फोन केला. माहितीचें पुस्तक उघडून वाच, असें मीं सांगितलें. त्यांत लिहिल्याप्रमाणें वीस-पंचवीस मिनिटें गाडी सलग चालवतांच दिवा विझला. इंधनाच्या गाळणींत सांठणारें पाणी काढून टाकावयाचें असतें हेंहि त्याला त्याच पुस्तकांत प्रथम कळलें. गेल्या मे महिन्यांत आंब्याच्या अकरा खेपा झाल्या, सगळ्या एका दमांत घाट चढून आल्या. वहिनींच्या वहींत दर महिन्याच्या दहा तारखेला माझ्या नांवावर दहा हजार जमा पडतात. गेल्या दहा तारखेला बारावा हप्ता आला, आणि एक लाख ऐंशी हजार अजून येणें आहे.