दादरला घर घेताना

“एवढ्या पैशात आमच्याकडे अंगण, विहीर आणि वर गच्ची असलेला बंगला झाला असता हो वन्सं!” आमची कराडची वहिनी फोनवर म्हणाली. ती काही खोटं बोलत नव्हती. तीनशे दहा चौरस फूट, दुसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत साठ वर्षांची. एवढ्यासाठी आम्ही डोंबिवलीचं चांगलं हवेशीर घर विकलं, वर कर्ज काढलं. वहिनीच्या बोलण्यात थोडी धारही होती. ती का, ते पुढे सांगेन.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींची मुलं-मुली नोकरीसाठी मुंबईत येतात आणि मग एक दिवस विचारतात, “आई, घर कुठे घेऊ?” आमच्या शोधातलं काही उपयोगी पडलं तर पडावं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी दादरच का? मी दादरच्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. यांची कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात. सासूबाईंची दर महिन्याला परळच्या इस्पितळात फेरी. म्हणजे राहायचं डोंबिवलीला आणि जगायचं मात्र इकडे! चार तासांच्या शिकवणीसाठी माझे तीन तास गाडीत जायचे. मुलगा शाळेतून यायचा तेव्हा घरात सासूबाई एकट्या, आणि त्यांना बरं नसलं की किल्ली शेजारच्या काकूंकडे. एका पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या. हे कुर्ल्याला अडकले, मी दादरला. मुलाने रात्री दहाला फोनवर विचारलं, “आजीला औषध कुठलं देऊ?” त्या रात्री मी ठरवलं की जागा लहान असली तरी चालेल, पण आता इकडेच.

दादरची सोय तशी जुनीच. पश्चिम आणि मध्य, दोन्ही रेल्वेमार्ग इथे शेजारी येतात. डिसेंबर २०२३ पासून फलाटांना एक ते चौदा असे सलग क्रमांक दिले, तेव्हा कुठे नवख्या माणसाचा गोंधळ कमी झाला. पुण्याच्या एसटी गाड्या इथूनच सुटतात. त्यात २०२५ साली भुयारी मेट्रो आली. मे महिन्यात दादरपर्यंत आणि पुढे वरळीपर्यंत, ऑक्टोबरमध्ये थेट कफ परेडपर्यंत. दादरला बसलं की मधे शीतलादेवी आणि धारावी, की बीकेसी. मात्र हे मेट्रो स्थानक रेल्वे स्थानकाला चिकटून नाही, शिवसेना भवनाच्या बाजूला आहे. “स्टेशनपासून पाच मिनिटं” असं दलाल म्हणाला, तर कुठलं स्टेशन आणि कोणाच्या पायांनी पाच मिनिटं, हे विचारून घ्यावं. आम्ही घड्याळ लावून सासूबाईंसह चालत गेलो. पाचाची चौदा झाली.

सहा महिने आमचे रविवार घरं पाहण्यात गेले. पूर्वेला हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी. १८९६ च्या प्लेगनंतर शहर सुधारणा मंडळाने आखलेल्या या वसाहती, रुंद रस्ते, मोठी झाडं. पाहून जीव निवला, पण भाव ऐकून परत फिरलो. पश्चिमेला शिवाजी पार्कच्या कडेची तीच गत. मग आतल्या गल्ल्या.

एक सांगते, घर पाहायचंच तर भर पावसात पाहा. हिंदमाताच्या परिसरात पाणी साचतं हे सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. पालिकेने अलीकडे जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्या, पण ज्या गल्लीत घर घ्यायचं तिथली भिंत ओलीची खूण किती उंचीवर दाखवते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. मी एका इमारतीत तळमजल्याच्या आजींनाच विचारलं. त्यांनी कपाटाचा खालचा कप्पा उघडून दाखवला, रिकामा! दलाल तोवर बाहेर फोनवर बोलत होता.

नव्या टॉवरमधल्या घरांवर मी फार लिहीत नाही, कारण ती आमच्या आवाक्यात नव्हती. ज्यांच्या आहेत त्यांनी प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासावा. २०१७ पासून महाराष्ट्रात हा कायदा लागू आहे. भाव कार्पेटवरच विचारायचा, आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवायचं.

खरा मोह पडला तो पागडीच्या खोलीचा. मोठी दोन खणी जागा, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, शेजारी माणसांची वर्दळ. मालकीच्या घराच्या निम्म्याहून कमी पैसे! सासूबाई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या त्या हलेनात. “इथे मी वाळवण घालीन,” म्हणाल्या. हेही खूश. बँक पागडीवर कर्ज द्यायला सहसा तयार नसते, पण एवढी रक्कम आम्ही जमवू शकत होतो.

गावाकडच्या मैत्रिणींना पागडी म्हणजे काय ते नीट माहीत नसेल. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी गोठली. मग घरमालक आणि भाडेकरू यांच्यात एकरकमी पैसे देऊन जागा घेण्याची रीत पडली. भाडं नाममात्र, पण खोली विकायची तर मालकाची संमती लागते आणि किमतीतला वाटा, बहुधा तिसरा हिस्सा, त्याला द्यावा लागतो. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने या देवघेवीला मान्यता दिली. तरी तुम्ही राहता भाडेकरूच. हातात असते ती भाडेपावती. दलाल सांगतात, “ताई, इमारत उपकरप्राप्त आहे, पुनर्बांधणी झाली की किमान तीनशे फुटांचं मालकीचं घर फुकट!” नियम तसा आहे खरा. पण ती पुनर्बांधणी कधी, हे कोण सांगणार? काहींना पाच वर्षांत मिळालं, काही संक्रमण शिबिरात म्हातारे झाले.

बयाणा द्यायच्या आदल्या रात्री सासूबाईंनीच विषय काढला. त्यांची धाकटी बहीण गिरगावात पागडीच्या खोलीत तीस वर्षं राहिली. पावती थोरल्या दिरांच्या नावावर. भाडं मात्र हिचे यजमान भरायचे. “घरातल्या घरात कसली नावं?” असं सगळे म्हणत. यजमान गेले, पुढे दीर गेले, आणि पावती दिरांच्या मुलाच्या नावावर झाली. त्याने खोली दुसऱ्याला दिली. भरलेल्या भाड्याचा एकही कागद हिच्या नावाचा नव्हता. भाडेकरूचा हक्क पुढे जातो तो मृत्यूच्या वेळी बरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाकडे. लग्न होऊन वेगळ्या राहणाऱ्या मुलीला त्यात सहसा काही मिळत नाही. मावससासूबाई शेवटी बदलापूरला भाच्याकडे राहिल्या.

“गॅलरी चांगली आहे,” सासूबाई म्हणाल्या, “पण राहू दे.”

मग हे घर सापडलं. सहकारी गृहनिर्माण संस्था, मालकीची जागा. शाळेतल्या सहकारी बाईंनी त्यांच्या ओळखीच्या वकीलबाईंकडे नेलं. या फीमध्ये काटकसर करू नका. त्यांनी पहिल्या खरेदीपासूनचे सगळे करार, शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, संस्थेचं ना हरकत पत्र आणि थकबाकी नसल्याचा दाखला, पालिकेचा भोगवटा दाखला, मागितलंच मागितलं. आणखी एक विचारलं, जे आम्हाला सुचलंच नसतं. “जमीन कोणाच्या नावावर आहे?” इमारत संस्थेची, पण जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर, असं मुंबईत पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्या संस्थेने मानीव अभिहस्तांतरण करून घेतलं होतं. हा शब्द नीट उच्चारायला मला दोन दिवस लागले, पण त्याचा अर्थ एवढाच की जमीन कायद्याने संस्थेच्या नावावर झाली. पुनर्विकासाच्या वेळी हाच कागद कामाला येतो.

आता नावाचा प्रश्न. महाराष्ट्रात घर खरेदी करणारी बाई असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, एप्रिल २०२१ पासून. मुंबईत पुरुषाला सहा टक्के, बाईला पाच. म्हणजे समजा एक कोटीचं घर, तर एक लाख वाचले. अशा घराची पंधरा वर्षं पुरुषाला विक्री करायची नाही, ही अट होती, ती २०२३ मध्ये काढली. पण नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर सवलत नाही.

वहिनीची धार इथे येते. कराडच्या शेतातला माझा हिस्सा मी सोडून दिला नव्हता. हक्कसोडपत्रावर सही कर, असं घरच्यांनी प्रेमानेच सांगितलं होतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, हे मी शाळेत मुलींना सांगते आणि स्वतः सही करून यायची? भावाशी वर्षभर बोलणं जेमतेम होतं. तो पैसा या घरात आला. उरलं ते डोंबिवलीच्या घराचे आणि कर्जाचे.

मी म्हटलं, घर माझ्या एकटीच्या नावावर घेऊ या. हे दोन दिवस गप्प होते. रागावले असं नाही म्हणणार, पण जेवताना “मीठ दे” याच्यापुढे शब्द नाही. तिसऱ्या दिवशी यांनी कागद काढून हिशेब मांडला. मालकीत नाव नसेल तर हप्ता भरूनही त्यांना व्याजाची करसवलत घेता येणार नाही. पण ते नव्या करपद्धतीत गेलेले, तिथे राहत्या घराला ती सवलत नाहीच. मग तोटा कसला? खरं तर प्रश्न कराचा नव्हताच, हे दोघांनाही कळत होतं. सासूबाई ताकाची रवी धूत होत्या. मागे वळून म्हणाल्या, “माझ्या बहिणीचं माहीत आहे ना तुला? मग कर सही.” यांनी सहकर्जदार म्हणून सही केली. नॉमिनी म्हणून यांचं नाव घातलं. वकीलबाईंनी सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तेव्हा मृत्युपत्रही करून ठेवा. ते अजून राहिलं आहे.

राहायला येऊन आठ महिने झाले. शीतकपाट स्वयंपाकघरात मावलं नाही, दारामागे उभं आहे. जेवणाचं टेबल भिंतीला दुमडतं. पाणी पहाटे येतं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्यांची रीघ रस्त्यावर असते, त्या दिवशी भाजी आदल्या संध्याकाळी आणून ठेवते. कराडचे काका तपासणीसाठी टाटा इस्पितळात आले तेव्हा आठ दिवस आमच्याकडे होते. मुलगा दाराशी गादी टाकून झोपला. वहिनी त्यांना घेऊन आली होती. घर पाहून काही बोलली नाही. जाताना ओटा मात्र पुसून गेली. मी शाळेतून बारा मिनिटांत घरी येते. हे पावणेसातला दारात असतात. सासूबाईंना दोन जिने जड जातात. दिवसातून एकदाच खाली उतरतात, फुलबाजाराकडे, आणि परत येताना पहिल्या मजल्याच्या पायरीवर बसून घेतात.

आता संस्थेत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. लिफ्ट येईल म्हणून सासूबाई हो म्हणतात. सभेची सूचना आली ती माझ्या नावाने. मी वकीलबाईंना विचारून वहीत प्रश्न उतरवून घेतले आहेत. बांधकाम चालेल तेवढ्या काळाचं भाडं कोण आणि कसं देणार, बँक हमी किती रकमेची, वाढीव जागा कार्पेटने किती, काम मधेच थांबलं तर काय. सभा येत्या रविवारी सकाळी अकराला, गच्चीवर.