फुस्तातची गेनिझा

कैरो शहराच्या दक्षिणेस, फुस्तात या जुन्या नगरीत, रोमन किल्ल्याच्या तटाआड, कॉप्टिक ख्रिस्त्यांच्या प्रसिद्ध ‘टांगत्या’ चर्चपासून हाकेच्या अंतरावर बेन एझ्रा हे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर उभे आहे. बाहेरून ते इतके साधे की, त्याची कीर्ती ऐकून आलेल्या प्रवाशाचा क्षणभर विरसच व्हावा. अकराव्या शतकातील मूळ वास्तू जीर्ण झाल्यामुळे १८९० च्या सुमारास ती उतरवून त्याच जागी नवी बांधण्यात आली, आणि तिचाही अलीकडे जीर्णोद्धार होऊन २०२३ साली ती पुन्हा खुली झाली. परंतु या स्थळाचे माहात्म्य वास्तुशिल्पात नाही. स्त्रियांच्या सज्जाच्या टोकाला एक अंधारी कोठडी होती. तिला दार नव्हते, खिडकी नव्हती, शिडी लावून भिंतीतल्या उंच भगदाडातून आत शिरावे लागे. तिलाच गेनिझा म्हणत.

ईश्वराचे नाव ज्यावर लिहिले असेल तो कागद जाळू वा फेकू नये, तो आदराने बाजूस ठेवून यथाकाल जमिनीत पुरावा, असा यहुद्यांचा परिपाठ आहे. फुस्तातच्या मंडळींनी मात्र पुरण्याचे काम बहुधा पुढे ढकलले आणि टाकण्याचे काम शतकानुशतके चालू ठेवले. शिवाय हिब्रू लिपीत जे जे लिहिले ते ते जपावे, मग त्याची भाषा अरबी का असेना, अशी त्यांची समजूत दिसते. त्यामुळे धर्मग्रंथांच्या जोडीला विवाहाचे करारनामे, काडीमोडाचे कागद, भाडेपट्टे, हुंड्या, धर्मादाय भाकरीच्या याद्या आणि पोरांनी गिरवलेली अक्षरे असे सगळे दफ्तर त्या एका कोठडीत साचले, आणि मिसरच्या कोरड्या हवेने ते राखले.

१८९६ च्या वसंतात ॲग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या विदुषी जुळ्या बहिणींनी प्रवासात विकत घेतलेल्या काही पानांत, केंब्रिजचे पंडित सॉलोमन शेख्टर यांना बेन सिराच्या नीतिग्रंथाचा, नष्ट झाला म्हणून समजला गेलेला, हिब्रू पाठ आढळला. त्याच वर्षाअखेरीस चार्ल्स टेलर यांच्या द्रव्यसाहाय्याने शेख्टर कैरोस गेले, मुख्य धर्मगुरूंची परवानगी मिळवून धुळीने कोंदलेल्या त्या कोठडीत कित्येक आठवडे उपसत राहिले, सेवेकऱ्यांना बक्षिसी देता देता मेटाकुटीस आले, आणि सुमारे १,९३,००० तुकडे केंब्रिजला घेऊन आले. तत्पूर्वीच पुष्कळ पाने विकली जाऊन ऑक्सफर्ड, पीटर्सबर्ग इत्यादी ठिकाणी पोहोचली होती. संमतीने नेलेल्या या ठेव्यास लूट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. तथापि तो ज्या नगरीचा इतिहास, त्या नगरीत आज त्यातले फारसे काही उरलेले नाही, हेही खरेच.

शेख्टरांची दृष्टी ग्रंथांवर होती. किरकोळ भासणारे पुष्कळ तुकडे पेट्यांतच पडून राहिले. आपल्याकडील मोडी रुमालांत जसा एखाद्या कारकुनाचा हिशेब बखरीहून अधिक बोलका ठरतो, तसेच येथे घडले. १९५० नंतर श्लोमो गॉइटाइन यांनी ही पत्रे व हिशेब वाचून भूमध्य समुद्राकाठच्या समाजाचे चित्र पाच खंडांत उभे केले, आणि हिंदुस्थानच्या व्यापाराची पत्रेही निराळी काढली. त्यांत अब्राहम बेन यिजू हा मंगळूरचा सावकार भेटतो. बाराव्या शतकात सुमारे १७ वर्षे तो मलबार किनाऱ्यावर राहिला, पितळी भांड्यांचा कारखाना त्याने चालवला, आणि आशू नावाच्या तेथील दासीस १७ ऑक्टोबर ११३२ रोजी मुक्तिपत्र लिहून दिले. एडनहून व्यापारी त्याला जुनी भांडी नवी घडवण्यास पाठवत, आणि सोबत साखर, मनुका व मिसरी कागद भेट देत. कागद जपून वापरण्याची त्याची सवय इतकी की, आलेल्या पत्रांच्या कोऱ्या पाठीवर तो आपलेच हिशेब टिपून ठेवी. याच संग्रहात मूसा बिन मैमून या थोर तत्त्वज्ञाच्या धाकट्या भावाने, दाविदाने, तांबड्या समुद्राकाठच्या ऐझाब बंदरातून लिहिलेले पत्र आहे. तेथे मनाजोगा माल मिळेना म्हणून आपण हिंदुस्थानास निघतो, असे त्यात तो कळवतो. पुढे तो हिंदी महासागरात बुडाला. हे पत्र आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि त्याची छायाचित्रे घरबसल्या कोणासही पाहता येतात.