कल्पनेवर बोजा चढत नाही

परवा भाचा घरी आला तो पेढे घेऊन नव्हे, कागद घेऊन. धाकट्या बहिणीचा हा मुलगा गेली नऊ वर्षं पुण्यात सल्लागारी करतो. लहान कारखान्यांना मालसाठ्याचा हिशेब संगणकावर कसा ठेवावा हे सांगायचं आणि त्याचं बिल लावायचं. आता त्याला सल्ला विकायचा नाही. साठ्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर तयार करून ते शेकडो कारखान्यांना विकायचंय. स्टार्टअप! त्यासाठी मामाच्या फ्लॅटवर कर्ज काढायचं, एवढंच.

तीसेक वर्षं मी बँकेत कर्जाचे अर्ज वाचले. त्यामुळे नातं बाजूला ठेवून आधी आकडे पाहिले. सल्लागारी म्हणजे स्वतःचे तास विकणं. उधारी थकते, पण माणूस सहसा बुडत नाही. मात्र तो आजारी पडला की धंदाही अंथरूण धरतो. सॉफ्टवेअरचं उलट. वर्ष-दोन वर्षं नुसता खर्च, आणि चाललं तर मालक झोपेत असतानाही विक्री. असा अर्ज माझ्या टेबलावर आला की मी तारण विचारायचो. सातबाऱ्यावर बोजा चढवता येतो, कल्पनेवर नाही. स्टार्टअपमध्ये पैसा घालणारे तारण मागत नाहीत, मालकीतला वाटा मागतात. आणि मग घाईही त्यांचीच असते.

"मामा, इन्फोसिस पुण्यातच सुरू झाली ना, दहा हजारांत?"

झाली. १९८१ साली, सात इंजिनिअर आणि सुधा मूर्तींनी दिलेले १०,००० रुपये. पण सुरुवातीला त्यांनी परदेशी गिऱ्हाइकांचीच कामं करून दिली. बँकांसाठीचं स्वतःचं सॉफ्टवेअर नंतर आलं, तेव्हा सेवेचं उत्पन्न पाठीशी होतं. "तूही दोन जुनी गिऱ्हाइकं ठेव," मी म्हटलं, "रात्री आपलं काम कर."

"नऊ वर्षं तेच करतोय. गिऱ्हाइकाचा फोन रात्रीही येतो, मामा."

मी गप्प झालो. माझ्या चारही कादंबऱ्या पगाराच्या सावलीत, पहाटे उठून लिहिलेल्या. पाचवी, मोठी, निवृत्तीनंतर लिहिणार होतो. तिची चाळीस पानं अजून कपाटात आहेत.

फ्लॅट दिला नाही. त्यावर हिचीही सही लागते, आणि ती स्वयंपाकघरातूनच नाकारली गेली होती. माझी एक मुदत ठेव मात्र मोडली. कर्ज म्हणून नव्हे, भाग म्हणून. कागद काही केला नाही. हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला मेमो दिला असता.