पेटंट कडक केले की संशोधन वाढते?

पेटंट कायदा जितका कडक तितके संशोधन जास्त, हा समज आपल्याकडे चांगला रुजलेला आहे. भारतीय औषध उद्योगाचा इतिहास मात्र नेमका उलट आहे.

स्वातंत्र्यानंतरही देशात इंग्रजांचा १९११ चा कायदा चालू होता. औषधांवर परदेशी कंपन्यांची मक्तेदारी होती. आयात करून महाग विकणे त्यांना परवडत होते, इथे कारखाना काढायची निकड नव्हती. न्या. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ च्या अहवालात या दुखण्यावर बोट ठेवले. पुढे १९७० चा कायदा झाला आणि १९७२ मध्ये लागू झाला. त्यानुसार औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते. औषध बनवण्याच्या प्रक्रियेला ते मिळे, तेही फार तर सात वर्षे.

मग तीच औषधे इथे बनवणे ही नक्कलच झाली, असे म्हणणारे आजही भेटतात. ते अन्यायकारक आहे. दुसऱ्याची पेटंट घेतलेली प्रक्रिया वापरायची सोय नव्हतीच. त्याच रेणूपर्यंत जाणारी वेगळी, कमी टप्प्यांची, स्वस्त कच्च्या मालाची वाट शोधावी लागे, आणि ते अस्सल रसायनशास्त्र आहे. एड्सवरच्या एझेडटीची प्रक्रिया हैदराबादच्या सरकारी प्रयोगशाळेने बसवली, औषध मुंबईच्या सिप्ला कंपनीने काढले. याच सिप्लाने २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. श्रीमंत देशांत तेव्हा त्याला दहा हजार डॉलरहून अधिक पडत.

नुसता कायदा बदलून हे साधले नसते. पेटंटची सक्ती नसलेल्या कितीतरी गरीब देशांत असा उद्योग उभा राहिला नाही. आपल्याकडे माटुंग्याची यूडीसीटी ही रसायन तंत्रज्ञानाची शिक्षणसंस्था १९३३ पासून रसायन तंत्रज्ञ घडवत होती, पुण्यात १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आली, पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पेनिसिलिन बनवू लागली. माणसे आधीच तयार होती.

२००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे रेणूची पेटंटे परत आली, तरी उद्योग बुडाला नाही. कायद्यातले कलम ३(ड) जुन्या औषधाच्या किरकोळ फेरफारांना पेटंट देत नाही. त्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला.

कच्च्या मालाकडे मात्र धोरणाचे दुर्लक्ष झाले, आणि ते महागात पडले. पेनिसिलिन-जी हा मूळ घटक स्वस्त चिनी मालापुढे टिकला नाही, देशातले उत्पादन बंद पडले. असे घटक पुन्हा इथे बनावेत म्हणून २०२० मध्ये केंद्राला ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणावी लागली.